थँक यू, ब्लेस यू, एक्स्क्यूज मी

थँक यू, ब्लेस यू, एक्स्क्यूज मी. दिवसभरात सहज तोंडातून निसटणारी ही तीन इंग्रजी वाक्यं दिसायला तिळ्या भावंडांसारखी. आधी क्रियापद, मागोमाग सर्वनाम, आणि कर्ता तिन्हीकडे गायब. पण गायब झालेला तो कर्ता शोधायला निघालं की तिघांची घरं निराळी निघतात. 'थँक यू'मधून गळालाय तो 'आय'. मी आभार मानतो, ही सरळ माहिती. म्हणून हा इंडिकेटिव्ह मूड (व्याकरणातला मूड म्हणजे क्रियापदाचा सूर: ते माहिती देतंय, हुकूम सोडतंय की इच्छा धरतंय). 'एक्स्क्यूज मी'चा कर्ता 'यू', कारण समोरच्याला काहीतरी करायला सांगितलं आहे, भले विनंतीच्या सुरात. तो इम्परेटिव्ह. आणि शिंक आल्यावर कुणी 'ब्लेस यू' म्हणतं तेव्हा? तिथे गाळलाय खुद्द देवाला. गॉड ब्लेस यू. देवाला कुणी हुकूम सोडत नाही, आणि देव आशीर्वाद देतो आहे अशी बातमीही कुणी देत नाही. देवो, एवढीच इच्छा. हा सबजंक्टिव्ह.

पहिले दोघे सज्जन आहेत, ते पटकन सापडतात. खरी गंमत तिसऱ्याची. व्याख्या पाठ करून तो सापडत नाही, कारण व्याख्येत 'इच्छा, शक्यता, कल्पना' असलं सगळं धुकं असतं. त्यापेक्षा इंग्रजीचा तो सुप्रसिद्ध 'एस' पाहावा, ज्यासाठी शाळेत आपण सगळ्यांनी मार्क घालवले. 'ही गोज', 'शी ईट्स', मग 'गॉड ब्लेसेस' का नाही? ब्रिटनच्या राष्ट्रगीतात 'गॉड सेव्ह्ज' का नाही? ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ गेल्या आणि त्या गीतात 'क्वीन'च्या जागी 'किंग' आला, पाठोपाठ सर्वनामंही बदलली. 'सेव्ह' मात्र बिनएसचंच राहिलं. राणी असो की राजा, लोक देवाकडे मागतच असतात.

म्हणजे सबजंक्टिव्ह ओळखायचा तो काय आहे यावरून नाही, काय नाही यावरून. जुन्या इंग्रजीत त्याचे स्वतःचे प्रत्यय होते. शतकानुशतकं झिजत ते गेले. आपल्याकडे 'देवो', 'होवो', 'लाभो' यांच्या शेपटीतला ओ अजून ठणठणीत आहे, त्यामुळे इच्छा ऐकताक्षणी कळते. इंग्रजीत ती रिकाम्या जागेतून ओळखावी लागते.

यावर एक साधी युक्ती आहे. 'आय सजेस्ट यू गो' या वाक्यात 'गो' कुठल्या मूडचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. 'यू' काढून तिथे 'ही' बसवा (इंग्रजीतला 'ही', आपली 'ही' नव्हे). 'आय सजेस्ट ही गो'. एस आला नाही, चोर सापडला. खात्री हवी असेल तर नकार करून पाहा: 'आय सजेस्ट ही नॉट गो'. 'डझ' किंवा 'डू'ची मदत न घेता नुसतं 'नॉट' पुढे येऊन उभं राहतं.

स्पर्धा परीक्षावाल्यांचा लाडका सबजंक्टिव्ह म्हणजे 'इफ आय वेअर यू'. त्यापायी 'इफ' दिसला रे दिसला की 'वेअर' ठोकून द्यायची अनेकांना सवय लागते, आणि ती मला पटत नाही. 'इफ आय वॉज रूड यस्टर्डे, आय ॲम सॉरी' यात 'वॉज'च हवं. काल मी उद्धट वागलो असेन, ही शक्यता अगदी खरी आहे (घरच्यांना विचारा). मी तुमच्या जागी असणं मात्र कधीच शक्य नाही, म्हणून तिथे 'वेअर'.

फाउलर नावाच्या इंग्रजीच्या कडक मास्तरांनी १९२६ साली आपल्या शब्दप्रयोगांच्या कोशात सबजंक्टिव्ह बहुतेक मरायला टेकल्याचं नोंदवलं. पण तो काही मेला नाही. अमेरिकेत 'आय डिमांड दॅट ही बी प्रेझेंट' या थाटात विसाव्या शतकात त्याने चांगलं बाळसं धरलं, आणि तिथून इंग्लंडातही परतला. आपल्या ऑफिसच्या ईमेलमध्ये 'इफ नीड बी' लिहिणारे त्यालाच रोज राबवत असतात, नाव माहीत नसताना.

पण त्याचा सगळ्यात थाटाचा मुक्काम मला सापडला तो हाउसिंग सोसायटीच्या इतिवृत्तात. बँकेला द्यायचा ठराव इंग्रजीत होता: 'रिझॉल्व्ड दॅट द सेक्रेटरी बी अँड इज हिअरबाय ऑथराइज्ड...' कंपन्यांच्या ठरावांतही हेच वाक्य असतं. 'बी' म्हणजे अधिकार मिळावा, हा ठरावाचा आदेश, सबजंक्टिव्ह. 'इज हिअरबाय' म्हणजे हा घ्या, मिळालाच, इंडिकेटिव्ह. एकाच कर्त्याच्या दिमतीला दोन मूड, मध्ये फक्त 'अँड'. वकिली भाषेला एका कुलपाने कधी झोप लागत नाही.

सभेत मी सेक्रेटरींना म्हटलं, "अहो काका, यातलं एकच ठेवू या ना. 'बी' तरी, नाहीतर 'इज' तरी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ठेवू की. पण बँकेने कागद परत पाठवला तर खेटे तुम्ही घालणार का?"

ठराव होता तसा सर्वानुमते मंजूर झाला. सूचक म्हणून माझंच नाव लागलं.