आमची वाटचाल : गुलाबी वाइनच्या सोबतीने

आमचा व्यवसाय लहान आहे आणि त्याचा विषयही आम्ही मुद्दाम मर्यादित ठेवला आहे : निरनिराळ्या प्रदेशांतील रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, पारखून निवडणे आणि ती कशी चाखावी हे ग्राहकांना समजावून देणे. सुरुवातीच्या काळात बहुतेकांचा पहिला प्रश्न असे, की ही लाल आणि पांढरी वाइन एकत्र करून तयार होते का. त्याचे नीट उत्तर देता देताच आमच्या कामाला दिशा मिळाली.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळजवळ रंगहीन असतो. रंग असतो तो सालीत. द्राक्षे लगेच दाबली तर फिकट गुलाबी रस मिळतो आणि तो काही तास सालींसोबत ठेवला तर छटा गडद होते, शिवाय थोडा तुरटपणाही उतरतो. म्हणजे रोझेसाठी लाल-पांढरी वाइन एकत्र करावी लागत नाही. अशा मिश्रणाबाबत उत्पादक किती संवेदनशील आहेत हे २००९ साली दिसले : युरोपीय आयोगाने त्याला मोकळीक देण्याचा प्रस्ताव मांडला आणि दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सच्या उत्पादकांच्या तीव्र विरोधानंतर तो मागे घेतला. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशात मात्र पांढऱ्या वाइनमध्ये थोडी लाल वाइन घालून रोझे करण्याची रीत मान्य आहे.

फिकट ती उंची आणि गडद ती गोड, हा समज सर्वांत चिवट ठरला. म्हणून आमच्या आस्वाद-सत्रांत आम्ही काळ्या काचेचे पेले वापरू लागलो. रंग दिसेनासा झाला की लोक आंबटपणा, फळांचा गंध आणि घोट गिळल्यानंतर रेंगाळणारी चव यांकडे लक्ष देतात. केवळ रोझेसाठीच मानांकन असलेल्या ताव्हेल या फ्रेंच गावाची वाइन गडद असूनही गोड नसते, तर फ्रान्सच्याच आंजू प्रदेशातील काबर्ने द'आंजू ही रोझे खरोखरच गोडसर असते. फिकट छटेची मागणी वाढत गेली तरी ताव्हेल आम्ही यादीतून काढली नाही, आणि हा निर्णय आम्हाला आजही योग्य वाटतो.

साठवणुकीकडेही आम्ही तितकेच लक्ष देतो. पारदर्शक बाटलीतील वाइन प्रकाशाने बिघडते, त्यामुळे बाटल्या अंधारातच ठेवतो. पेल्यात ओतताना ती साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस असावी, कारण अतिथंड वाइनचा गंध दबून जातो.

बहुतेक रोझे ताजी असतानाच प्यावी. मूर्व्हेद्र जातीच्या द्राक्षांमुळे प्रोव्हान्समधील बान्दोलची चांगली रोझे मात्र काही वर्षे टिकते, आणि पुढील सत्रांत तिच्या जुन्या-नव्या बाटल्या शेजारी ठेवून चाखवण्याचे आम्ही योजले आहे.