लक्ष्मी वरच्या कप्प्यात

आमच्या खानापूर तालुक्यात एखाद्या घराला कुलूप दिसलं तर ‘कुठं गेली ही माणसं’ असं कुणी विचारत नाही. ‘दुकान कुठल्या गावाला हाय’ असं विचारतात. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं दुष्काळाला कंटाळून पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला बाहेर पडलेली. केरळात जा नाहीतर पंजाबात, सराफकट्टा असला की मागच्या बोळात एक अरुंद खोली असते. खोलीत भट्टी, मूस, तेजाबाचा वास आणि आपल्या बोलीत भांडणारी दोन माणसं. आमचे आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, त्यातलेच. सिकंदराबादच्या पॉट मार्केटात अडतीस वर्षं झाली त्यांना.

२०२४ च्या नोव्हेंबरात त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न उरकलं की लगेचची तारीख, विट्यात. भाऊबीज झाली आणि आण्णांचा फोन आला. “तू हिकडं ये न्यायला. एकट्यानं आणायचं न्हाय.” काय आणायचं ते फोनवर सांगितलं नाही. ते काकूनं सांगितलं, तेही आवाज खाली करून. लग्नाची रोकड, आणि ती विमानानं.

मी विट्यात एका पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतो, त्यामुळं घरात पैशाचा विषय निघाला की मला बोलावतात आणि माझं ऐकत नाहीत. मी म्हटलं, आण्णा, आरटीजीएस करा. दोन तासांत विट्याच्या खात्यात पैसे. लागतील तसे काढू. आण्णा म्हणाले, “विट्याच्या बँकेत कॅशियर कोण हाय? आपल्याच भावकीतला. मी सहा लाख काढलं की संध्याकाळपातूर गावाला कळतंय. मग मंडपवाल्याचा दर वाढतोय, आचाऱ्याचा वाढतोय आणि ज्यानं आठ वर्षामागं उसनं दिलंतं त्योबी दारात.”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. बँकिंगच्या कुठल्याच पुस्तकात भावकीवर धडा नाही.

निघायच्या आधी चार पाहुण्यांनी चार आकडे सांगितले. दुबईला असलेला मेहुणा म्हणाला, पंचवीस हजारांच्या वर रोकड विमानात नेता येत नाही. गावातला एक कार्यकर्ता म्हणाला, पन्नास हजार. आमच्या संस्थेतले साहेब म्हणाले, दोन लाख. आणि एका वकील मित्रानं दहा लाख सांगितले. गंमत म्हणजे चारही आकडे खरे आहेत, फक्त प्रत्येकाचं घर वेगळं. पंचवीस हजार हे भारतीय नोटा घेऊन देशाबाहेर जाण्या-येण्यासाठी. पन्नास हजार निवडणुकीच्या आचारसंहितेत, रस्त्यावरच्या पथकांसाठी. दोन लाख हा तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २६९एसटीचा आकडा, १ एप्रिल २०१७ पासूनचा. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही. घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढाच दंड. आणि दहा लाखांच्या वर रोकड विमानतळावर सापडली तर निवडणुकीच्या काळात ती प्राप्तिकर खात्याला कळवायची. देशातल्या देशात विमानानं जाताना खिशात किती असावेत याला मात्र आकडाच नाही. कायद्यानं तो ठेवलेला नाही.

मंडपवाल्याला दोन लाखांच्या आतच द्यायचे, हे मी आण्णांना तिथंच बजावलं. आण्णा म्हणाले, “दोन लाखाचा मंडप घालतंय कोण?”

सात तारखेला आम्ही सिकंदराबादच्या त्यांच्या बँकेत गेलो. बचत खात्यातून सहा लाख चाळीस हजार काढले. पाचशेच्या बारा गड्ड्या, आहेरासाठी शंभराच्या तीन, ओवाळणीला दहाच्या कोऱ्या दोन गड्ड्या आणि वरचे आठ हजार सुटे. दोन हजाराची नोट चलनात होती तेव्हा हे सगळं एका हातात मावलं असतं. २०२३ च्या मे महिन्यात ती मागं घेतली आणि लग्नांच्या पिशव्या फुगल्या. पैसे काढल्याच्या स्लिपची शिक्क्याची प्रत मी मागून घेतली, पासबुक भरून घेतलं. आण्णांनी पॅन कार्ड, तीन वर्षांची रिटर्न, दुकानाचं जीएसटीचं प्रमाणपत्र आणि चार लग्नपत्रिका असं सगळं एका प्लॅस्टिकच्या फाइलीत घातलं. मग आम्ही लेकीसाठी मोत्यांचा सर घेतला. हैदराबादेतून मोती न घेता आलेला माणूस आमच्याकडं अडाणी समजतात.

रात्री आण्णांनी पैसे ठेवायचा जुना कसा काढला. जाड मांजरपाटाचा, कमरेला बांधायचा, घामानं काळा पडलेला. पंचवीस वर्षं रेल्वेनं आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीनं हाच कसा बांधून ते येत. “रात्रभर झोप न्हाय. बाथरूमला गेलं तरी एक हात पोटावर.” विमानाला पण तोच बांधायचा विचार होता. मी हात जोडले. तपासणीत कपड्याखाली गड्ड्या सापडणं आणि बॅगेत सापडणं यात फार फरक आहे. पहिली चोरी वाटते, दुसरी नुसती रोकड. शेवटी कसा रिकामाच बांधला. सवय.

दुसऱ्या दिवशी तारीख आठ नोव्हेंबर. शमशाबादच्या विमानतळावर जाताना टॅक्सीत आण्णांच्याच लक्षात आलं. “आजच्याच रात्री बंद केल्या नव्हं नोटा? सोळा साली?” आणि मांडीवरची बॅग जरा जवळ ओढली.

बॅग एक्स-रेच्या पट्ट्यावर गेली. मी पलीकडून पडद्यावर बघत होतो. कागद, कापड, खाण्याचं, असलं सगळं त्या पडद्यावर नारिंगी दिसतं. काकूच्या बहिणीनं दिलेला बेसनलाडवांचा डबा नारिंगी आणि त्याच्या शेजारी आमच्या गड्ड्या त्याच रंगाच्या, नीट रचलेल्या विटांसारख्या. पट्टा थांबला. मागं गेला. पुन्हा पुढं आला. सीआयएसएफच्या जवानानं बॅग बाजूला घेतली.

“इसमें कैश है?”

“है ना. लड़की की शादी का.”

“कितना?”

“छह लाख बत्तीस हजार,” आण्णांनी एका दमात सांगितलं. मला वाटतं अर्धं काम तिथंच झालं. आकडा विचारल्यावर जो माणूस वर बघतो, त्याच्याकडं मग सगळे बघतात.

“पेपर?”

“है ना. बड़े बैग में.”

मी आण्णांकडं बघितलं. फाइल सुरक्षित राहावी म्हणून त्यांनी ती पहाटे उठून मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत ठेवली होती. ती बॅग काउंटरवर देऊन अर्धा तास झाला होता. पैसे आमच्या हातात आणि पैशांची जन्मपत्रिका विमानाच्या पोटात.

एक इन्स्पेक्टर आले. आवाज शांत होता. हे लोक पैसे जप्त करत नाहीत, त्यांचं काम सुरक्षेचं. संशय आला की ते प्राप्तिकर खात्याला कळवतात, खात्याचं एअर इंटेलिजन्स युनिट त्यासाठीच असतं. पैसे कुठले हे सांगता आलं नाही तर तिथून पुढं खरं दुखणं. हिशेब नसलेल्या रकमेवर तेव्हाच्या कायद्यानं ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याहत्तर रुपये गेले, आणि दंड निराळा. हे सगळं मला पाठ होतं आणि नेमकं त्याच वेळी आठवत होतं.

आदल्या दिवशी बँकेतच, सवयीनं, मी स्लिपचा आणि पासबुकाचा मोबाइलवर फोटो काढला होता. तो दाखवला. इन्स्पेक्टरनी फोटो मोठा करून शिक्का बघितला, तारीख बघितली, आण्णांचं आधार कार्ड मागितलं, नाव आणि फोन नंबर वहीत लिहून घेतला. कुणाला तरी फोन केला. आम्ही बाकड्यावर बसलो. आण्णांचे ओठ हलत होते, रेवणसिद्धाचं नाव चाललं होतं.

परत येऊन ते बॅगेतला काळा दगड हातात घेऊन म्हणाले, “और ये क्या है?”

आण्णांचा चेहराच बदलला. कसोटी होती ती. तळहाताएवढी, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. दुकान जावयाच्या हाती दिलं, पण कसोटी दिली नव्हती. सोनं या दगडावर घासायचं, उमटलेल्या रेघेवर तेजाब लावायचं, रेघ किती टिकते त्यावरून कस कळतो, असं सगळं आण्णा हातवारे करून सांगायला लागले. मग त्यांची नजर साहेबांच्या अंगठीवर गेली. “बाईस बोलके दिया होगा. देखूं क्या?”

“रहने दीजिए,” इन्स्पेक्टर हसले, “घर में झगड़ा हो जाएगा.” आणि बॅगेची चेन त्यांनीच लावली.

कोल्हापूरचं विमान लहान, पंख्याचं. आण्णांचा हा पहिलाच विमानप्रवास, पण खिडकीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बॅग मांडीवर घेऊन बसले. हवाई सुंदरी आली, म्हणाली, बॅग समोरच्या सीटखाली सरकवा. त्यांनी ती खाली ठेवली, सरकवली, आणि एकदम पाय वर उचलून घेतले. दोन्ही पाय अधांतरी. ती बिचारी गोंधळली. मी म्हटलं, आण्णा, पाय ठेवा की खाली.

“लक्ष्मीला पाय लावू व्हय?”

शेवटी बॅग वरच्या कप्प्यात गेली. दार ‘खट्’ झालं तसे आण्णा मान वर करून बसले ते उतरेपर्यंत. खाली ढग होते, पुढं कृष्णा दिसली असेल, ऊस दिसला असेल. आण्णांनी अडतीस वर्षांत बघितला नव्हता असा आपला मुलूख खालून चालला होता आणि ते कप्प्याच्या खिटीकडं बघत होते. मधे एका प्रवाशानं आपलं जॅकेट काढायला तो कप्पा उघडला. आण्णा बेल्टसकट उठायला गेले.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरलो तेव्हा कुणीच काही विचारलं नाही. मोठी बॅग आली, साड्यांच्या घडीतून फाइल काढली, आणि या वेळी ती मी माझ्या छातीशी धरली. चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता. किणीचा टोलनाका गेला, वारणा ओलांडली, सांगली जिल्हा लागला. ‘सुटलो’ असं आण्णा म्हणाले आणि पुढं बॅरिकेड दिसलं.

विधानसभेचं मतदान वीस तारखेला. स्थिर सर्वेक्षण पथक गाड्या तपासत होतं. एक अधिकारी, दोन पोलीस आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक पोरगा. विमानतळाची धास्ती घेऊन आम्ही चार-पाच दिवस जगलो होतो आणि खरी परीक्षा अशी उघड्या रस्त्यावर, बाजूला उसाला तुरे आलेले, टेबलावर ऊन.

बॅग टेबलावर उघडली. पोरगं चित्रीकरण करायला लागलं. पन्नास हजारांच्या वर रक्कम, त्यामुळं मोजणं आलंच. पाचशेच्या गड्ड्या झाल्या, शंभराच्या झाल्या. दहाच्या कोऱ्या नोटा बोटाला चिकटून येतात, त्या मोजताना पोलीसमामांचं तीनदा चुकलं. अधिकाऱ्यांनी फाइल उलटली. स्लिप सिकंदराबादची, कालच्या तारखेची. आज पैसे वारणेच्या काठावर कसे? मी बोर्डिंग पास दिला. खिशातून काढून चुरगाळून टाकणार होतो तो मघाशी, पण बिनकामाचे कागद जपायची माझी नोकरीची सवय.

“स्लिप सहा चाळीसची. मोजणी सहा बत्तीस. वरचे आठ हजार?”

मी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी शर्ट वर केला. पोलीस पुढं सरकला. आण्णांनी त्या रिकाम्या कशातून मोत्यांचं बिल काढलं, सात हजार चारशेचं, आणि वरच्या खिशातून सहाशे रुपये काढून टेबलावर ठेवले. गुंजेचा हिशेब ठेवणारा माणूस. रक्कम कमी भरली तर खर्चाचं बिल दाखवता येतं. जास्त भरली असती तर ती वरची रक्कम कुठली हे सांगताना आमची बोबडी वळली असती, आणि मग पैसे जमा, पावती हातात आणि जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीपुढं अर्ज. लग्न पंधरा दिवसांवर.

अधिकाऱ्यांनी लग्नपत्रिका वाचली. पूर्ण वाचली, आमच्या कुलदैवतापासून ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत. मग म्हणाले, “रोख कशाला आणली एवढी?”

आण्णांनी त्यांनाही भावकीतल्या कॅशियरची गोष्ट सांगितली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आमच्याकडं पण तसंच हाय,” म्हणाले.

नोटा पुन्हा गड्डीत लावताना कॅमेऱ्याचं पोरगं हळूच म्हणालं, एक कोरी दहाची देता का, बहिणीला ओवाळणीला घालायची राहिलीय, आणि लगेच स्वतःच्या खिशातली जुनी नोट पुढं केली. साहेब हसले. आण्णांनी अदलाबदल करून दिली.

घरी पोचायला अंधार पडला. काकूनं बॅग देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं, मग दहाच्या गड्ड्या घेऊन बसली. मी चहा पीत होतो. एका कोऱ्या गड्डीत मधेच तिला मळकी, कोपऱ्यावर पेननं काहीतरी लिहिलेली नोट लागली. तिनं ती दिव्याजवळ धरून बघितली.

“बँकवाल्यांनी फसवलं व्हय तुमास्नी?”

“असू दे ती,” आण्णा कशाची गाठ सोडत म्हणाले. “हिशेबात बसतीय.”