सागरवेणी, पण उलटी

शनिवार म्हणजे आमच्याकडे केसांचा दिवस. सकाळी धुवायचे, दुपारी गुंता सोडवायचा, संध्याकाळी वेण्या. गेले आठ महिने इंग्लंडमधला माझा शनिवार असाच जातो. बेळगावजवळच्या खानापूरहून आईचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न, "काय करालीस गं? पोरीच्या वेण्या झाल्या काय?"

पोरगी सात वर्षांची आहे. आम्ही तिचे फोस्टर पालक. तिच्या आईचं बस्तान सावरेपर्यंत तिला सांभाळणारे, दत्तक नव्हे. आपल्याकडेही २०१५च्या बाल न्याय कायद्यात ही सोय आहे, पण गावाकडं असं घर मी पाहिलेलं नाही. तिचं नाव, फोटो काही देता येत नाही, म्हणून इथं छकुली म्हणते. आईवडील मूळचे घानाचे. मुलाचा धर्म, वंश, संस्कृती, भाषा यांचा विचार करूनच कौन्सिलनं, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनानं, निर्णय घ्यावा, असं इथला १९८९चा कायदा सांगतो. तिचे केस कापायचे झाले तरी मला आधी विचारावं लागतं. सुरुवातीला हे जाचक वाटलं होतं. आता अजिबात वाटत नाही.

पहिल्या रात्री तिला पुढ्यात बसवलं. आई मला बसवायची तसंच, मी पलंगावर आणि ती खाली. कोरड्या केसांत वरून फणी घातली आणि ओढली. ती ओरडली नाही. माझा घोटा मात्र तिनं घट्ट धरला. नखं रुतली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी फणी खाली ठेवली.

पुढं घानाच्या एक साठीच्या बाई भेटल्या. मी त्यांना मावशीच म्हणते. त्यांनी सगळं समजावलं. हे केस इतके वळणदार असतात, की टाळूचं तेल शेंड्यापर्यंत उतरतच नाही. म्हणून कोरडे पडतात, ओढले की तुटतात. रोज धुवायचे नाहीत. आधी ओले करायचे, भरपूर कंडिशनर चोपडायचं, मग रुंद दातांचा कंगवा, तोही शेंड्याकडून हळूहळू वर. झोपताना सॅटिनची टोपी, कारण सुती अभ्रा ओलावा शोषून घेतो. आणि कपाळाजवळचे केस कधी आवळायचे नाहीत. तिथं सतत ताण बसला तर गेलेले केस परत येतीलच असं नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी तुला काय सांगत होते? ओढून बांधलं की डोस्कं दुखतंय."

सागरवेणी मला लहानपणापासून येते. गॅदरिंगला निम्म्या वर्गाच्या मीच घालायची. कॉर्नरो, म्हणजे टाळूला चिकटून घातलेली आफ्रिकन वेणी, ही तिचीच बहीण, पण उलटी. आपण बाजूचा पेड मधल्या पेडावरून नेतो. इथं तो खालून न्यायचा, आणि प्रत्येक वेळी टाळूजवळून चिमूटभर केस उचलून त्यात मिसळायचे. त्यामुळं वेणी सरीच्या वरंब्यासारखी उठून येते. नावही मक्याच्या ओळींवरूनच पडलंय. वीस-पंचवीस वर्षांची बोटांची सवय, सहजी उलटी होत नाही. खुर्चीच्या पाठीला लोकर बांधून मी रोज रात्री बसत होते.

तेव्हा शाळेतली एक मुलगी फार आठवली. सिद्दी होती. खानापूर तालुक्यात, तिकडं हल्याळ-यल्लापुरात सिद्दी लोक कित्येक पिढ्या राहतात. पूर्वज आफ्रिकेतले, बरेचसे पोर्तुगीजांनी गुलाम करून गोव्यात आणलेले. ती आमच्यासारखंच मराठी बोलायची. तिच्या डोक्यावर बारीक, टाळूला चिकटलेल्या वेण्या असायच्या. शाळेचा नियम म्हणजे दोन वेण्या, वर दुमडून, लाल रिबिनी. एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी तिला सगळ्यांसमोर उभं केलं, "केस विंचरून यायला काय होतं?" आम्हालाही तेच खरं वाटलं. त्या वेण्या घालायला तिच्या आईला किती तास बसावं लागलं असेल, हे मला माझी बोटं आखडल्यावर कळलं. तिची माफी मागायची आहे. कुणाला तिचा ठावठिकाणा माहीत असेल तर माझ्या आईकडं निरोप द्या.

गेल्या महिन्यात छकुलीची तिच्या आईशी भेट होती. आदल्या दिवशी मी आठ वेण्या घातल्या होत्या, चार तास लागले. आईनं तिला मांडीवर घेतलं आणि हात सरळ डोक्यावर गेला. एकेक वेणी बोटानं चाचपत गेली. डाव्या कानामागची माझी सैल झाली होती. ती तिनं सोडली आणि बोलता बोलता, न बघता, दोन मिनिटांत पुन्हा घातली. निघताना माझा हात धरून अंगठा कुठं ठेवायचा ते दाखवलं.

पुढच्या शनिवारी छकुलीनं सात वेण्या सोडू दिल्या. कानामागच्या वेणीवर तळहात ठेवून बसली होती. ती तशीच ठेवून मी बाकीचे केस धुतले.