“अनीलिंग किती तास करतात?”

अमेरिकेतील सिएटल शहरात स्पेस नीडल या उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी अमेरिकन काचकलावंत डेल चिहुली यांच्या काचशिल्पांचे प्रदर्शन २०१२ पासून कायमस्वरूपी मांडलेले आहे आणि तेथे येणाऱ्यांना दालनांतून फिरवून माहिती देणे हे माझे काम आहे. काळोख्या दालनांत फुले, वेली आणि समुद्रजीव माणसाच्या डोक्यावरून उंच गेलेले असतात, त्यामुळे लोक आधी गप्प होतात आणि मग ठरलेले प्रश्न विचारतात: फुटत नाही का, पुसतात कसे, किंमत किती. त्या दिवशी मुलाकडे राहायला आलेले एक काका मात्र माझे मराठी ऐकून जवळ आले आणि त्यांनी विचारले, “ह्यांचं अनीलिंग किती तास करतात गं?”

काका मुंबईतल्या एका प्रयोगशाळेतून ग्लास ब्लोअर म्हणून निवृत्त झाले होते. रसायनशास्त्रज्ञांना लागणारे कंडेन्सर आणि निर्वात नळ्या त्यांनी नोकरीभर बर्नरच्या ज्योतीवर घडवल्या होत्या. मी सांगितले की, अनीलिंगसाठी तयार वस्तू सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवून अगदी हळूहळू थंड करतात आणि लागणारा वेळ काचेच्या जाडीवर ठरतो. त्यांनी मान डोलावली व मुलाकडे वळून ते म्हणाले, “वरची कातडी आधी आवळते, आतलं मागाहून आकसतं, आणि तो ताण आतच बसून राहतो. आज धड दिसणारी वस्तू महिन्याभराने कपाटात आपोआप तडकते.”

आम्ही ‘माकिया’च्या दालनात उभे होतो. या मालिकेतील पसरट भांड्यांच्या बाहेरच्या अंगावर ठिपके असतात, आतला रंग अगदी निराळा असतो, काठाला तिसऱ्याच रंगाची किनार असते आणि दोन रंग एकमेकांतून दिसून मळकट होऊ नयेत म्हणून मध्ये पांढऱ्या काचेचा थर दिलेला असतो. काका खाली वाकून किनारीचा सांधा बराच वेळ न्याहाळत राहिले. प्रत्येक रंगाची काच वेगळ्या मिश्रणाची, पण थंड होताना सगळ्यांनी सारखेच आकसले पाहिजे, हे त्यांना विशेष वाटले. कारण त्यांच्या हातची, प्रयोगशाळेतल्या उपकरणांची बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते आणि या दोन काचा जोडल्या की तडा ठरलेलाच.

समुद्रजीवांच्या दालनात त्यांनी मला एका शिंपल्यासारख्या आकारावरच्या उभ्या वळ्या दाखवल्या. चिहुली यांनी १९८० पासून ‘सीफॉर्म्स’ मालिकेसाठी कंगोऱ्यांच्या साच्यात तप्त काच फुंकायला सुरुवात केली, आणि त्या कंगोऱ्यांमुळे भिंत पातळ राहूनही बळकट होते, हे मी सांगताच काका म्हणाले, “मग शिंपल्यालाही त्या वळ्या शोभेसाठी नाहीतच!” मला या कलेत सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. येथे कोणी पाकळी पाहून पाकळीची नक्कल केलेली नाही. मऊ काच वेगाने फिरवली की ती बाहेर फेकली जाऊन उमलते, उष्णतेने स्वतःच्या वजनाखाली लवते आणि काठाला लाटा येतात. कारागीर तिला कोठे थांबवायचे एवढे ठरवतो, आणि ते ठरवणे फार अवघड असते.

मग काकांनी विचारले, “पण नळी कोण फुंकतं?” १९७६ मधल्या मोटार अपघातात चिहुली यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, १९७९ मध्ये खांदा निखळला, आणि तेव्हापासून ते रेखाटने करून दिशा देतात व फुंकण्याचे काम संघ करतो, १९८८ पासून काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतील मुरानो बेटाचे उस्ताद लिनो तालियापिएत्राही त्यांच्यासोबत काम करत होते, असे मी सांगितले. “म्हणजे नाव एकाचं आणि हात दहांचे,” काका म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण हा प्रश्न मला रास्त वाटतो आणि माहिती देताना मी त्या हातांविषयी आवर्जून बोलते.

मी त्यांना चित्रफीत दाखवण्याच्या दालनात नेले. जेवणाची वेळ टळून गेली होती, तरी काका उठेनात. पडद्यावर कोण भट्टीचे दार उघडतो, कोण नळी सतत फिरती ठेवतो, कोण ओल्या लाकडाने काचेला आकार देतो, हे ते मुलाला दाखवत होते. वस्तू फुंकनळीवरून दुसऱ्या सळईवर घेण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी मुलाचा हात दाबला आणि म्हणाले, “इथे काचेची मान जरा जास्त गार झाली की सगळं खाली. ठोका किती हलका दिला बघ.”