पाणी लागंल का ओ?

आज दिवसभर पाटण तालुक्यातल्या एका पडीक वावरात घण मारला. अक्षरशः. जमिनीवर लोखंडी प्लेट, तिच्यावर घाव, आणि दोन-दोन मीटरवर रोवलेले २४ जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं. लाट कुठल्या जिओफोनला किती मिलिसेकंदांनी पोचली, त्यावरून खाली माती किती, मुरूम किती, कातळ कुठे ते कळतं. सुट्या मातीत ती सेकंदाला काहीशे मीटर धावते, अखंड बेसाल्टात पाच हजारांच्या आसपास. सोपं वाटतं ना? रस्त्यावरून एक डंपर गेला की सगळी नोंद बाद. एकाच जागी अकरा वेळा मारला. हाताला फोड आलेत.

बांधावरचे एक आबा तासभर बघत होते. शेवटी विचारलंच, "पाणी लागंल का ओ?"

म्हटलं, "पाणी नाही आबा, भूकंपात ही जमीन किती हलेल ते बघतोय."

"ते मला इचार की."

११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटेचे सव्वाचार-साडेचार. गोठ्याची भिंत म्हशीवर आली. एवढंच बोलले आणि तंबाखू मळायला लागले.

भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयनेत पुढे ३ किलोमीटर खोल भोक घेतलं, तेव्हा साधारण साडेबाराशे मीटरवर बेसाल्ट संपून थेट ग्रॅनाइट लागला. आमचा घण जेमतेम तीसेक मीटरचं सांगतो. पण हादरा वाढवते ती वरची सुटी मातीच.

सामान गाडीत भरताना आबा पुन्हा आले. "पर पाणी असंल न्हवं?"

सेकंदाला पंधराशे मीटर वेगाचा एक थर दिसतोय खरा. ओली माती असेल किंवा नुसता झिजलेला खडक. सांगितलं नाही. उगाच बोअर मारून बसायचे.