ऑक्टोबरमध्ये सेलमला जाताय? गाडी बाहेरच ठेवा

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं सेलम हे १६९२ च्या चेटकीण-खटल्यांमुळे जगाला माहीत असलेलं गाव. ऑक्टोबरच्या शनिवारी तिथे गाडी घेऊन जाऊ नका. पुढचं काही वाचायला वेळ नसेल तर एवढं एकच लक्षात ठेवा.

आम्हाला ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, त्या सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: "दहाच्या आत पोचा, पार्किंग मिळून जातं." नाही मिळत. सेलमची वस्ती ४४ हजारांच्या आसपास आणि हल्ली नुसत्या ऑक्टोबर महिन्यात तिथे दहा लाखांवर माणसं येतात. १९८२ मध्ये हॅलोविनच्या (३१ ऑक्टोबरचा भुताखेतांची सोंगं काढायचा सण) निमित्तानं एक छोटा उत्सव सुरू झाला, तो आता महिनाभर चालतो. गाव मात्र तेवढंच आहे, रस्ते जुने आणि अरुंद आहेत, त्यातले काही शनिवार-रविवार गाड्यांना बंदच असतात. नगरपालिकेची पार्किंगं सकाळीच भरतात. व्हिडिओत दिसतात त्या रिकाम्या गल्ल्या आणि लालपिवळी झाडं बहुतेक मंगळवारी सकाळी सात वाजता चित्रित केलेली असावीत.

आम्ही न्यू जर्सीहून आदल्या दिवशी निघून बर्लिंग्टनच्या बाजूला मुक्काम केला होता. (सेलममधली हॉटेलं ऑक्टोबरसाठी फार आधी भरतात आणि उरलेल्या खोल्यांचे भाव तोंडाला फेस आणणारे असतात. गावात राहायचा नाद सोडा.) सोबत नवरा, दोन्ही मुलं आणि नाशिकहून आलेली माझी आई. १२८ नंबरच्या हायवेवरून उतरेपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथून पीबडीतून सेलममध्ये शिरणारा शेवटचा तीनेक मैलांचा पट्टा पार करायला पावणेदोन तास लागले. हा पट्टा मी विसरणार नाही. नकाशाचं अॅप दर पाच मिनिटांनी नवी गल्ली सुचवतं, त्या गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभा असतो, तो हातानं परत फिरवतो आणि आपण पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाला. मध्ये थांबायला जागा नाही, मुलांना बाथरूमला न्यायची सोय नाही. आईचे गुडघे आखडले तेव्हा ती उतरून गाडीच्या बाजूनं चालायला लागली आणि आमच्यापेक्षा पुढे गेली.

शेवटी एका खासगी आवारात जागा मिळाली. पुठ्ठ्यावर मार्करनं ४० लिहिलेलं होतं, त्यावर काट मारून शेजारी ८० केलेलं. शाई अजून ओली दिसत होती. ८० डॉलर, रोख, पावती नाही. दिले, कारण मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पण खरी फसवणूक पैशांची नव्हती. रात्री सव्वाआठला परत आलो तर आमच्या गाडीमागे नाकाला शेपूट लावून आणखी दोन गाड्या उभ्या केलेल्या. आवाराचा माणूस म्हणाला, "ते आले की निघा." ते आले साडेनऊनंतर. समुद्रावरून वारा सुटलेला, धाकटी कुडकुडत होती आणि गाडीत बसूनही कुणाला ऊब येईना.

म्हणून, गाडी आणावीच लागली तर पैसे हातात देण्याआधी दोन प्रश्न विचारा: माझ्या मागे दुसरी गाडी लावणार का? आणि मला कितीला बाहेर काढता येईल? उत्तर देताना माणूस घुटमळला तर पुढे चला. पाच मिनिटं जास्त चालावं लागलं तरी कुणी अडवून ठेवत नाही अशीच जागा घ्या.

रविवारी आम्ही ट्रेननं गेलो आणि जणू दुसऱ्याच गावात उतरलो. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून न्यूबरीपोर्ट किंवा रॉकपोर्टकडे जाणारी कम्युटर रेल पकडायची, अर्ध्या तासात सेलम. शनिवार-रविवारसाठी १० डॉलरचा पास मिळतो, त्यावर दोन्ही दिवस हवा तितका प्रवास करता येतो. अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही. तिकिटाचं अॅप घरूनच उतरवून ठेवा, स्टेशनवर सगळ्यांचं नेट एकाच वेळी अडकतं. बॉस्टनमध्ये शिरायचं नसेल तर सेलमच्या पुढचं स्टेशन बेव्हर्ली. तिथे पार्किंगची इमारत आहे, गाडी तिथे लावून एक स्टेशन उलटं या. स्टेशनपासून गावाच्या मध्यापर्यंत सात-आठ मिनिटं चालायचं आहे, बस.

परतीचं मात्र नीट ठरवा. संध्याकाळी पाचनंतर फलाटावर शिरायलाच रांग लागते. साडेतीनच्या सुमाराची ट्रेन पकडा, नाहीतर सरळ जेवून उशिरा निघा. मधल्या वेळेत लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत उभं राहू नका. ३१ तारखेला जादा गाड्या सोडतात, कधीकधी रात्री आतषबाजीही असते, पण त्या दिवशी पाळण्यातली मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: जाऊ नका.

आता आत काय बघायचं. इथे दुसरी निराशा झाली. सेलममध्ये नावात म्युझियम असलेल्या पुष्कळ जागा आहेत आणि त्यातल्या कित्येकांत एकही अस्सल वस्तू नाही. आम्ही शिरलो तिथे अंधाऱ्या खोलीत बसवलं, मेणासारख्या पुतळ्यांवर आळीपाळीनं लाल दिवे पडले, रेकॉर्ड केलेला आवाज वीसेक मिनिटं ओरडला आणि दार थेट दुकानात उघडलं. मुलगा विचारत होता, "यातलं खरं काय?" उत्तर देता येईना. मोठी रांग आहे म्हणजे आत काहीतरी असणार, हा हिशेब सेलममध्ये लावू नका. तिकीट काढण्याआधी आत मूळ वस्तू किंवा कागदपत्रं आहेत का, एवढं विचारा.

एसेक्स स्ट्रीटवर राक्षस, चेटकिणी आणि विदूषक फिरत असतात. वेशभूषा अप्रतिम असतात, मुलांना मजा येते. पण फोटो काढला की टीप अपेक्षित असते आणि काहीजण ती पाच-दहा डॉलरच्या खाली घ्यायला तयार नसतात. आधी विचारा.

ज्या गोष्टीसाठी हे गाव जगाला माहीत आहे ती पैसे न देता बघता येते. चार्टर स्ट्रीटच्या जुन्या कबरस्तानाला लागून १९९२ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. दगडी भिंतीतून वीस ग्रॅनाइटचे पाट बाहेर काढलेत, प्रत्येकावर एक नाव, मृत्यू कसा आला ते आणि तारीख. १६९२ मध्ये इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिली, त्यात चौदा बायका आणि पाच पुरुष. जाइल्स कोरी नावाच्या वृद्धानं खटल्याला उभं राहायचं नाकारलं म्हणून त्याला छातीवर दगड ठेवत ठेवत मारलं. तुरुंगात मेले ते वेगळे. जाळलं कुणालाच नाही. दुकानांतल्या टी-शर्टांवर ज्वाळा आणि सरण छापलेलं असतं ते साफ चुकीचं आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा. स्मारकात शिरताना पायाखालच्या दगडांवर त्या माणसांची 'मी निर्दोष आहे' अशा अर्थाची वाक्यं कोरलेली आहेत आणि ती वाक्यं मधेच भिंतीखाली जाऊन तुटतात. शनिवारी त्या दगडांवर पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि एका पाटावर कुणीतरी फ्रेंच फ्राइजचा डबा, केचपची पाकिटं आणि चेटकिणीची टोपी ठेवून आरामात बसलं होतं. पाटावर नाव होतं रिबेका नर्स. एकाहत्तर वर्षांची होती ती. १९ जुलैला फाशी दिली.

आई बराच वेळ तिथून हलली नाही. नाशिकला येण्याआधी ती अक्कलकुव्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. गावात पोर आजारी पडलं, म्हैस आटली की एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवायचं, मारायचं, हाकलायचं, हे तिनं सातपुड्यात जवळून पाहिलंय. आपल्याकडे महाराष्ट्रात त्याविरुद्धचा कायदा यायला २०१३ साल उजाडलं, तेही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. ती मुलांना म्हणाली, "ह्यांनी निदान नावं लिहून ठेवली." मग तिनं त्या बसलेल्या माणसाला हातानं खूण करून डबा उचलायला लावला. त्यानं उचलला.

एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत कुणीच सांगितली नव्हती. ऑक्टोबरचा या फाशींशी काही संबंध नाही. त्या झाल्या जूनपासून २२ सप्टेंबरपर्यंत. ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नर फिप्सनं हे खटले चालवणारं खास न्यायालय बंद केलं. म्हणजे हे सगळं जाणून घ्यायला यायचं असेल तर जून-जुलैमध्ये या, नाहीतर सप्टेंबरमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी. स्मारकात निवांत उभं राहता येईल. ऑक्टोबरच हवा असेल तर मंगळवार किंवा बुधवार, सकाळी नऊच्या आत.

फाशीची नेमकी जागाही गर्दीच्या वाटेवर नाही. प्रॉक्टर्स लेज नावाचा तो उतार पोप स्ट्रीटवर, औषधाच्या दुकानाच्या मागे, घरांच्या मधोमध आहे. ती जागा २०१६ मध्ये नक्की झाली आणि पुढच्या वर्षी १९ जुलैला तिथे छोटं स्मारक झालं. गावाच्या मध्यापासून पाऊण तास चाललात तरी फार झालं. तिथे लोक राहतात, गाडी नेऊ नका, आवाज करू नका.

तिकिटाचे पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर पीबडी एसेक्स म्युझियममध्ये घाला. इथे मात्र माझी सगळी चिडचिड गेली. १७९९ मध्ये सेलमच्या जहाजांच्या कप्तानांनी स्थापन केलेल्या संस्थेतून हे संग्रहालय उभं राहिलं आणि ते कप्तान जात कुठे होते? कलकत्त्याला, मुंबईला, सुमात्रात मिरी आणायला. गावाच्या जुन्या मुद्रेवर सुमात्राचा छत्रीधारी माणूस आहे आणि 'श्रीमंत पूर्वेच्या अगदी शेवटच्या बंदरापर्यंत' अशा अर्थाचं लॅटिन बोधवाक्य आहे. अमेरिकेत पहिला हत्ती १७९६ मध्ये आला, तो कलकत्त्याहून आणणारा कप्तान क्राउनिनशील्ड सेलमचाच. हर्विट्झ दांपत्यानं जमवलेला आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रह इथेच आहे. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनचं चित्र मॅसॅच्युसेट्सच्या बंदरगावात आईनं बोट दाखवून नातवंडांना समजावलं, तेव्हा कालचे ८० डॉलर मी मनातून काढून टाकले. खटल्यांच्या काळातल्या खऱ्या वस्तूही या संग्रहालयाकडे आहेत. फाशी दिलेल्या जॉर्ज जेकब्ज या म्हाताऱ्याच्या काठ्या त्यातल्याच. काय मांडलंय ते बदलत असतं, जाण्याआधी पाहून घ्या. शिवाय आत बसायला बाकं आहेत आणि स्वच्छ बाथरूम आहेत. ऑक्टोबरच्या सेलममध्ये ही दोन्ही सुखं आहेत, कारण बाहेर प्लास्टिकच्या फिरत्या संडासांसमोर रांगा असतात.

विच हाउस म्हणून जे काळं घर आहे ते न्यायाधीश कॉर्विनचं. खटल्यांशी थेट नातं असलेली सेलममधली ती एकमेव उभी वास्तू. वेळेचं तिकीट मिळालं तर आत जा, नाहीतर बाहेरूनच बघा. त्यासाठी रांगेत दिवस घालवू नका. डर्बी व्हार्फ हा समुद्रात अर्धा मैल गेलेला धक्का, टोकाला दीपगृह. फुकट, मोकळा, आणि मुलांना धावायला एवढी एकच जागा. पण वारा बोचतो. कानटोपी आणि वाराबंद जाकीट घ्याच. ऑक्टोबरच्या मध्यावर सहाला सूर्य मावळतो आणि मग थंडी एकदम उतरते. फुटपाथ विटांचे, उंचसखल. बाबागाडी आणू नका, पाठीवरची झोळी आणा.

जेवणासाठी तासभर रांग आहे आणि मिळतं ते बेताचंच. आम्ही रविवारी पोळीभाजीचे रोल आणि दिवाळीसाठी आधीच आलेल्या चिवड्याचा डबा घेऊन गेलो, सेलम कॉमनच्या हिरवळीवर बसून खाल्लं. हेच करा. पाण्याच्या बाटल्याही घरून.

सोमवारी रॉकपोर्टला गेलो. सुंदर आहे, काही अडचण आली नाही.

परतीच्या वाटेवर डॅन्व्हर्सला थांबलो, ते चुकवू नका. १६९२ चं सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅन्व्हर्स. पाद्री पॅरिसच्या ज्या घरात मुलींना झटके येऊ लागले आणि त्यातून खटले सुरू झाले, त्या घराचा दगडी पाया इथे उघडा आहे, बघायला तिकीट नाही. पायवाटेवरून तुम्ही चालत जाता, शेजारी लोकांची परसबाग असते आणि तुमच्याशिवाय कुणी नसतं. रिबेका नर्सचं घर आणि शेतही इथेच आहे. ते रोज उघडं नसतं, वार आणि वेळ बघून निघा. गाडी घेऊन जा, आम्हाला दाराशी जागा मिळाली आणि पार्किंगचा एक पैसा पडला नाही.