वालाच्या बिरड्याची संहिता अखेर चाचणीत उतरली

माझ्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) पाककृतींच्या पुस्तकातील ‘कडधान्ये’ हा विभाग ज्या बिरड्यापाशी, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांच्या उसळीपाशी, अडला होता, ते पान आता मार्गी लागले आहे. चाचणीसाठी दिलेल्या एकाच मजकुरावरून ऐरोलीच्या मैत्रिणीच्या डाळिंब्या (मोड आणून सोललेले वाल) पार मोडल्या होत्या आणि डोंबिवलीच्या मैत्रिणीच्या अर्धकच्च्या राहिल्या होत्या. वाट्यांच्या आकारातील फरक वजनकाट्याने मिटवूनही निकाल बदलला नव्हता. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा साधा डिजिटल काटा पाककृती लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे असावा, हे माझे मत मात्र अजूनही कायम आहे.

अडचण पाण्यात होती. साहित्यात कोरड्या वालांचे वजन दिले होते आणि पाण्याचे प्रमाणही त्यावरूनच ठरवले होते. परंतु वाल भिजून, मोड येऊन, साले निघाल्यावर हाती किती डाळिंब्या येतात, हे वाल नवे की जुने, दाणा केवढा आणि गणंग (न भिजणारे टणक दाणे) किती निघाले, यावर ठरते. शिवाय पातेल्याचे तोंड जितके रुंद, तितके पाणी लवकर आटते. म्हणून आता पाण्याचे माप काढून टाकून खूण लिहिली आहे: डाळिंब्या जेमतेम बुडतील इतके पाणी घालावे, झाकणावर पाणी ठेवावे आणि लागेल तसे तेच गरम पाणी आत सोडावे. डाळिंबी बोटांनी सहज चेपली गेली, तरच आमसूल आणि गूळ घालावा, कारण आंबट आधी पडल्यास ती शिजण्यास वेळ घेते. हे कारण संपादनात गाळण्याची सूचना आली होती. मी ते ठेवले आहे, कारण कारण कळले की वाचक क्रम मोडत नाही. पातेले हलवावे, डाव घालू नये, हे वाक्यही मुद्दाम स्वतंत्र ठेवले आहे. या रूपात दोन्ही घरी बिरडे अखंड डाळिंब्यांचे झाले, याचा फार आनंद आहे.

ठाण्यात सोललेल्या डाळिंब्या तयार मिळतात, त्यामुळे कोरडे वाल आणि सोललेल्या डाळिंब्या अशी दोन्ही वजने द्यायची, असे ठरवले आहे. हे लिहितानाच जाणवले की भिजवण्याची सूचना कृतीत दडलेली राहिल्यास वाचक सकाळी स्वयंपाकाला उभा राहिल्यावरच ती वाचेल. तेव्हा प्रत्येक पाककृतीच्या शीर्षकाखाली ‘पूर्वतयारी’ अशी ओळ हवी. अनारशांचे तांदूळ तर तीन दिवस आधी भिजत घालावे लागतात. यामुळे आधी करून झालेली पानांची मांडणी पुन्हा करावी लागेल आणि सूचीचे काम त्यानंतरच हाती घेता येईल. थंडीत मोड येण्यास वेळ लागतो, म्हणून बिरड्याची आणखी एक चाचणी डिसेंबरात ठेवली आहे. त्या वेळी विकतच्या डाळिंब्यांवर करून पाहणारे कोणी असल्यास मजकूर पाठवीन.